लग्नाआधीचा करारनामा: नोटरी झाली म्हणजे पक्कं झालं का?

रंकाळावेस

एक नमुना करारनामा फिरतोय. ५०० चा स्टँप, नोटरीचा गोल शिक्का, दोघांच्या सह्या. कलमं थोडक्यात लिहितो:

१. मुलाची शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री मुलाची, मुलीचा नागाळा पार्कातला फ्लॅट मुलीचा. ज्याचं त्याचं राहील.
२. घटस्फोट झाला तर मुलगी पोटगी मागणार नाही.
३. पहिल्या पाच वर्षांत जो घटस्फोटाचा अर्ज करेल त्यानं दुसऱ्याला २५ लाख द्यायचे.
४. मूल झालं तर ताबा वडिलांकडं.
५. सासऱ्यांच्या शेतीत मुलगी कधीही हक्क सांगणार नाही.
६. फाउंड्रीच्या नव्या शेडसाठी मुलीचे वडील दोन वर्षांत १५ लाख देतील.

नोटरी झाली म्हणजे आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही, असा लोकांचा समज. यातलं कोर्टात किती टिकेल?

ॲड_ताराबाईपार्क

पहिलं कलम टिकेल. सहावं तर करारनामा नव्हे, गुन्ह्याचा लेखी पुरावा आहे. मधली चार रद्दीत.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये लग्नाआधीच्या कराराचा उल्लेखच नाही. मनाई नाही आणि मान्यताही नाही. म्हणून असा कागद भारतीय करार कायदा १८७२ वर घासून बघतात. कलम १० म्हणतं की दोघं सज्ञान आणि सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, मोबदला आणि हेतू कायदेशीर हवा. बहुतेक करार इथवर येतात आणि पुढं कलम २३ ला अडकतात. करारातली गोष्ट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल तर ती शून्य, मग दोघांनी कितीही राजीखुशीनं सही केलेली असो.

आता एकेक.

पोटगी सोडण्याचं कलम. पोटगी ठरवण्याचा अधिकार कायद्यानं कोर्टाला दिलाय: हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आणि २५, शिवाय पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. हा हक्क आधीच लिहून काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पोटगीचा हक्क सोडल्याचे करार कलम २३ खाली निरर्थक ठरवले. इथं एक गल्लत नेहमी होते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात 'एकरकमी इतके घेतले, पुढं मागणी नाही' असं लिहितात ते चालतं, कारण ते भांडण झाल्यावर, आकडा डोळ्यासमोर असताना आणि कोर्टाच्या नजरेखाली होतं. बोहल्यावर चढण्याआधी लिहिलेल्याला तो आधार नाही.

२५ लाखांचं कलम. भविष्यातल्या ताटातुटीची आधीच बेगमी करणारा करार मुंबई उच्च न्यायालयानं १९१२ सालीच सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला आहे. त्यात हे कलम कोर्टात जायलाच दंड लावतंय, म्हणजे करार कायद्याचं कलम २८ पण आडवं येतं, कोर्टाची वाट अडवणारा करार ते शून्य ठरवतं.

मुलाचा ताबा. मूल कराराचा पक्षकार नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि तेही त्या दिवसाचं. जन्माला न आलेल्या मुलाबद्दल लिहिलेली ओळ कुणी वाचतसुद्धा नाही.

सासऱ्यांची शेती. नवरा हयात असताना सुनेला त्या शेतीत स्वतःचा असा हिस्सा नसतोच. म्हणजे नसलेला हक्क सोडून घेतलाय. उद्या विधवा म्हणून वारसाहक्क आला, तर तो आजच सोडता येत नाही: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(अ) प्रमाणे नुसती वारशाची आशा हस्तांतरित होत नाही. हक्कसोडपत्र हक्क निर्माण झाल्यावर होतं. सासऱ्यांना आपल्या स्वकष्टार्जित जमिनीची काळजी असेल तर त्यांनी मृत्युपत्र करावं, सुनेच्या सहीमागं लागू नये.

शेडचे १५ लाख. लग्नाच्या संदर्भात द्यायची कबूल केलेली मालमत्ता हा हुंडाच, मग त्याला शेड म्हणा नाहीतर भांडवल. हुंडाबंदी कायदा १९६१, कलम ५: असा करार शून्य. कलम ३: देणारा आणि घेणारा दोघांनाही किमान पाच वर्षं कैद, आणि दंड १५,००० रुपये किंवा हुंड्याची किंमत, जास्त असेल तो. नोटरीसमोर सह्या करून ठेवल्यात, आता पोलिसांना शोधायला काय उरलं?

कागलकर

मग वकीलताई, करार करायचा कशाला? पहिलं कलम तर तसंही कायद्यातच आहे. फाउंड्री नवऱ्याच्या नावावर, म्हणजे नवऱ्याची.

ॲड_ताराबाईपार्क

बरोबर पकडलंत. आपल्याकडं लग्नामुळं मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. सिनेमातल्या 'आधी निम्मं माझं'ला इथं कायदा नाही. म्हणून आपल्याकडच्या कराराची खरी किंमत पुरावा म्हणून आहे. लग्नाच्या दिवशी कुणाकडं काय होतं, कर्ज किती होतं, कुठल्या वस्तूला पैसा कुणाचा, आणि एकानं दुसऱ्याच्या मालमत्तेत घातलेली रक्कम भेट होती की उसनी. भांडणं फाउंड्रीच्या मालकीवरून कमी होतात, हप्त्यांवरून जास्त होतात.

नागाळा पार्कातलाच फ्लॅट घ्या. नाव मुलीचं, गृहकर्ज मुलीचं, आणि लग्नानंतर हप्ता जातो नवऱ्याच्या खात्यातून. दहा वर्षांनी नवरा म्हणतो फ्लॅटमध्ये माझे इतके लाख आहेत, बायको म्हणते ते घरखर्चात धरलेले. कागद नसला की दोघंही बँकेचे उतारे घेऊन कसबा बावड्याला कोर्टात, कौटुंबिक दाव्यात उभे. दोन ओळी आधी लिहिल्या असत्या तर हा मुद्दा संपला असता. आणि अशा ओळी कलम २३ ला अडकत नाहीत, कारण त्या कुणाचाही कायदेशीर हक्क काढून घेत नाहीत.

अजून एक. पोटगीच्या दाव्यात २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तिथं करारातली यादी समोर ठेवली जाते. करारात फाउंड्री 'लहानसा धंदा' म्हणून लिहिली आणि बँकेला दिलेल्या ताळेबंदात दोन कोटींची उलाढाल, तर आकडा लपवला म्हणून करार कायद्याच्या कलम १७ खाली संमतीच फसवणुकीनं घेतली असा मुद्दा उभा राहतो. म्हणून खरं लिहा. फुगवू नका, दाबूही नका.

मुद्रांकमित्र

कागदाबद्दल लिहितो, कारण निम्मे करार मजकुराआधी कागदावरच पडतात.

सर्वसाधारण कराराचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये आहे, आधी १०० होता. जुना मसुदा कॉपी करून १०० च्या कागदावर छापणारे अजून आहेत. कमी मुद्रांकाचा दस्त महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे पुराव्यात घेतला जात नाही. तूट आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरला की मग घेतात. करार रद्द होत नाही, पण ऐन साक्षीच्या तारखेला अडकतो.

स्टँप कराराच्या दोन पक्षकारांपैकी एकाच्या नावावर घ्या, मामाच्या नाही. खरेदीपासून सहा महिन्यांत वापरा. सहीच्या दिवशी किंवा आधीचा हवा, फार तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा. 'मागच्या तारखेचा मिळतो, बघू' असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. विक्रेत्याच्या नोंदवहीत अनुक्रमांक असतो आणि उलटतपासणीत तो पहिला मागवतात.

नोटरी एवढंच सांगते की अमुक व्यक्ती अमुक दिवशी समोर आली, ओळख दाखवली आणि सही केली. आतला मजकूर कायदेशीर आहे असं नोटरी म्हणत नाही. नोटरीसमोर लग्न लागत नाही आणि काडीमोडही होत नाही, हे केंद्रानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलंय. नोटरी करायचीच तर नोटरीच्या रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होतात ना, आणि रजिस्टरचा क्रमांक करारावर पडतो ना, एवढं बघून घ्या. पाकीट आत पाठवून शिक्का मारून आणलेल्या करारात हीच नोंद सापडत नाही.

माझं मत विचाराल तर दुय्यम निबंधकाकडं ऐच्छिक नोंदणी करा, नोंदणी कायद्याचं कलम १८. फोटो, अंगठे, ओळख पटवणारे, सगळं सरकारी दप्तरात राहतं. 'ही सही माझी नव्हेच' हा वाद मिटतो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करावा लागतो.

रंकाळावेस

मुलाच्या नावावर एखादा फ्लॅट असेल आणि त्याचा अर्धा हिस्सा तो मुलीला द्यायला तयार असेल तर तेही याच करारात घालता येईल का?

मुद्रांकमित्र

घालू नका. 'याद्वारे अर्धा हिस्सा देत आहे' असं लिहिलं की तो हस्तांतरणाचा दस्त झाला. मुद्रांक मालमत्तेच्या किमतीवर लागतो, नोंदणी सक्तीची होते (नोंदणी कायद्याचं कलम १७), आणि नोंदणी नसेल तर कलम ४९ प्रमाणे मालकी जातच नाही. ५०० च्या कागदावर फ्लॅट फिरत नाही.

त्यापेक्षा लग्न होऊ द्या. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिली तर बक्षीसपत्राचा मुद्रांक २०० रुपये, अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा. हीच सवलत होणाऱ्या बायकोला नाही, कारण दस्ताच्या दिवशी ती बायको नसते. अक्षता पडायच्या आठवडाभर आधी दस्त करून लाखभर रुपये जास्त भरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

शेतजमिनीला अजून एक खोच आहे. घेणारी व्यक्ती शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळं परवानगीशिवाय बक्षीसपत्रही होत नाही. आधी तिच्या किंवा तिच्या वडिलांच्या नावचा सातबारा बघा.

गुजरीकट्टा

दागिन्यांच्या याद्यांत 'सोने २० तोळे' एवढीच ओळ असते. ती निरुपयोगी आहे. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, आजीच्या चिठ्ठीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा. वीस तोळ्यांत ३३ ग्रॅमचा फरक इथंच पडतो. ग्रॅममध्ये लिहा आणि प्रत्येक डाग, म्हणजे दागिना, वेगळा लिहा. असा:

'कोल्हापुरी साज, १ नग, २२ कॅरेट, एकूण वजन ३८.४०० ग्रॅम, लाख व दोरा वजा जाता निव्वळ सोने ३१.२०० ग्रॅम, एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) अमुक, पावती क्रमांक व तारीख अमुक, देणार: वधूची आई, ताबा: वधू.'

साज, ठुशी, मोहनमाळ यांत एकूण वजन आणि निव्वळ सोनं यांत फरक असतो. दोन्ही आकडे लिहिले नाहीत तर पुढं 'सोनं कमी निघालं' म्हणून संशय. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो. जुन्या घरच्या दागिन्यावर नसतो, तिथं सराफाकडून वजन आणि टंचाची (शुद्धतेची) चिठ्ठी आणि दोन्ही बाजूंचे फोटो. पुढं पाटल्या मोडून बिलवर केले तर मोडीची पावती आणि नवी पावती एकत्र टाचून ठेवा, नाहीतर यादीतल्या पाटल्या 'हरवलेल्या' दिसतात.

ॲड_ताराबाईपार्क

याला जोड. लग्नातल्या भेटींची यादी करायचा स्वतंत्र नियमच आहे, १९८५ चा. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराच्या वरानं. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि दोघांच्या सह्या. ही यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर होते, त्यामुळं ती आधीच्या करारात पुरी बसत नाही. करारात एवढंच लिहा की अशी यादी होईल आणि ती याचा भाग समजली जाईल. स्त्रीधन पूर्णपणे तिचंच. लॉकर सासूच्या नावावर असला तरी मालकी बदलत नाही, पण लॉकरमध्ये काय ठेवलं याची पोच घ्यावी.

सीए_शाहूपुरी

धंद्याच्या बाजूचे दोन-तीन मुद्दे.

फाउंड्री मालकी हक्काची, भागीदारीची की कंपनी, हे आधी लिहा. भागीदारी असेल तर मुलाचा फक्त हिस्सा त्याचा. भट्टी आणि मशिनरी फर्मची. करार करण्याआधीच्या ३१ मार्चचा ताळेबंद आणि भांडवल खात्याचा उतारा परिशिष्ट म्हणून जोडा. 'अंदाजे किंमत' नको.

करार फक्त दोघांना बांधतो, बँकेला नाही. लग्नानंतर कॅश क्रेडिटची (धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मर्यादा वाढवताना बँक बायकोची हमी मागते, फ्लॅट तारण मागते. तिनं सही केली की 'धंद्याच्या कर्जाशी माझा संबंध नाही' हे कलम बँकेपुढं चालत नाही. फार तर 'हमीपोटी पत्नीला भरावी लागलेली रक्कम पती परत देईल' असं आपसात लिहिता येतं. ते जरूर लिहा.

कर. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली तर त्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. लग्नाआधी दिलेल्याला हा नियम लागत नाही, कारण देताना ती पत्नी नसते. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे मुद्रांकमित्रांचा हिशोब लग्नानंतर द्या म्हणतो आणि कराचा हिशोब आधी. भाड्यानं देणार नसाल तर मुद्रांकाचं ऐका.

आणि मुलाच्या पैशानं, मुलाच्याच फायद्यासाठी, होणाऱ्या बायकोच्या नावावर खरेदी करू नका. बेनामी कायद्यातली सूट जोडीदाराच्या नावच्या खरेदीला आहे, वाग्दत्त वधूच्या नाही.

चंदगडकर

आमच्याकडून गोवा हाकेवर. तिकडं म्हणे असे करार चालतात. पणजीला जाऊन केला तर?

ॲड_ताराबाईपार्क

तिथं चालतात, पण तिथल्यांना. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे. लग्नाआधी अधिकृत नोटरीपुढं, म्हणजे तिथल्या निबंधकापुढं, सार्वजनिक दस्त करून मालमत्तेची पद्धत निवडता येते. निवडली नाही तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात, आणि लग्नानंतर बदल करता येत नाही. कोल्हापूरच्या जोडप्यानं पणजीत सही केली म्हणून ती संहिता त्यांच्यामागं घाट चढून येत नाही. उलट मुलगा गोव्याचा अधिवासी असेल तर मात्र हा विषय गांभीर्यानं घ्या: त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलंय.

बिंदूचौक

मुस्लिम निकाहनाम्यात अटी घालता येतात ना?

ॲड_ताराबाईपार्क

येतात, कारण तिथं विवाह हाच करार आहे. मेहरची (नवऱ्यानं बायकोला द्यायची) रक्कम, त्यातली लगेच किती आणि मागाहून किती, शिवाय ठराविक परिस्थितीत पत्नीला तलाकचा अधिकार सोपवणं. अट वाजवी हवी. 'मेहर रिवाजाप्रमाणे' असं लिहून सोडू नका, आकडा घाला. मेहर हुंड्यात धरत नाहीत, कायद्यातच तसं म्हटलंय. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम ४० आहे, विवाहापूर्वीच्या मालमत्ता व्यवस्थेची कोर्ट तिथं दखल घेऊ शकतं.

कागलकर

संमती मुक्त होती हे सिद्ध कसं करायचं? सही तर सगळेच हसत करतात.

ॲड_ताराबाईपार्क

तारखांवरून. पत्रिका वाटल्या, हॉल ठरला, आणि हळदीच्या आदल्या रात्री कागद पुढं केला, तर करार कायद्याच्या कलम १६ चा अनुचित प्रभाव दाखवायला फार कष्ट पडत नाहीत. नाही म्हणायची सोय तिला नव्हतीच, असा युक्तिवाद होतो आणि तो पटतोही. म्हणून पहिला मसुदा साखरपुड्याच्या आसपास द्यावा, ईमेलनं, म्हणजे तारीख राहते. दुरुस्त्या झाल्या असतील तर ते मसुदे जपा. मुलीनं सुचवलेले दोन बदल मान्य झाल्याचं दिसलं की मुक्त संमतीला त्याहून चांगला पुरावा नाही. सही लग्नाच्या निदान महिनाभर आधी.

दोघांचे वकील वेगळे. मुलाच्या वडिलांच्या वकिलानंच दोघांसाठी करार केला, ही सगळ्यात सोपी खोड आहे. मुलीच्या वकिलानं शेवटी सही करून लिहावं की मजकूर समजावून सांगितला. भाषा दोघांना वाचता येणारी हवी. मराठीत केलेला करार इथल्या कोर्टात चालतो, मग समजत नसलेल्या इंग्रजीचा हट्ट कशाला?

प्रत्येक पानावर आणि परिशिष्टावर सह्या, दोन साक्षीदार. एक तिच्या बाजूचा असू द्या, आणि दोघंही पुढं साक्षीला सापडतील असे. परदेशी जाणारा मित्र नको. 'लग्न झाल्यावरच अंमल' आणि 'एखादं कलम अवैध ठरलं तरी बाकीची राहतील' ही दोन कलमं ठेवा. पण दुसऱ्यावर फार विसंबू नका. हुंड्यासारखी बेकायदेशीर बाब मोबदल्यातच मिसळली असेल तर करार कायद्याचं कलम २४ अख्खा करार घेऊन बुडतं. सहावं कलम 'राहू दे, रद्द होईल फार तर' म्हणून ठेवता येत नाही ते यासाठी.

रंकाळावेस

दुसरं ते सहावं काढलं. हप्त्याचं कलम असं केलंय, बघा:

'वधूच्या नावावरील फ्लॅटच्या गृहकर्जाचे हप्ते विवाहानंतर वराने भरल्यास ती रक्कम वराची राहील.'

ॲड_ताराबाईपार्क

'वराची राहील' यातून वराचा फ्लॅटमध्ये हिस्सा निघतो की पैशाचं येणं निघतं, ते कळत नाही. भांडण तिथंच लागेल. असं करा:

'सदर फ्लॅट वधूच्या एकटीच्या मालकीचा आहे. विवाहानंतर वराने आपल्या बँक खात्यातून भरलेले हप्ते हे वधूस दिलेले बिनव्याजी उसने समजले जातील. त्यामुळे वरास फ्लॅटमध्ये मालकी हक्क किंवा हिस्सा निर्माण होणार नाही. कोणत्याही हप्त्याबाबत याहून वेगळे ठरल्यास ते उभयतांच्या सहीने लेखी नोंदवले जाईल.'

उसने नको, भेट म्हणायचं असेल तर तेही चालेल, पण एकच काहीतरी लिहा. आणि 'पोटगीच्या प्रश्नाशी या कलमाचा संबंध नाही' हे शेजारी टाका, म्हणजे उद्या कुणी याच कलमातून पोटगी वजा करायला बघणार नाही. उसन्याला मुदतीचा कायदा लागतो, साधारण तीन वर्षांचा. म्हणून दरवर्षी मार्चअखेर भरलेल्या हप्त्यांची बेरीज आणि एकूण बाकी लिहून तिची सही घेत जा, मुदत संपायच्या आत.